बडोद्याच्या टाकीतली माती

परतीचं आरक्षित तिकीट मी बडोद्याला वाया घालवलं, हे आमच्या घरी अजून कोणाला पटत नाही. रद्द केलं नाही, पैसे परत मागितले नाहीत, नुसतं वाया घालवलं. बायको म्हणते, तुम्हाला तिथे ऊन लागलं असणार. ऊन होतंच. पण कारण वेगळं आहे, आणि ते सांगायचं तर मी मुळात बडोद्याला कशासाठी गेलो होतो तिथून सुरुवात करायला हवी.

आमचा पुतळ्यांचा कारखाना कराडच्या अलीकडे हायवेला लागून आहे. फायबरचे पुतळे. मंगल कार्यालयाच्या दारात हात जोडून उभ्या असलेल्या नऊवारीतल्या बायका, तुतारी फुंकणारे मावळे, हॉटेलच्या हिरवळीवरची हरणं. तुम्ही त्या रस्त्याने कधी गेला असाल तर माझ्या एखाद्या बाईने तुम्हाला नमस्कार केला असेल. गणपतीच्या कारखान्यात डोळे रंगवणाऱ्या पोराने हे सगळं उभं केलं. त्यात कोणाचा हात नाही, कोणाचे उपकार नाहीत.

पण त्याच्याही आधी, एकोणीस वर्षांचा असताना, मी बडोद्याच्या एका कलाशाळेत शिल्पकलेच्या प्रवेशपरीक्षेला गेलो होतो. एका म्हाताऱ्याला स्टुलावर बसवलं होतं आणि त्याचं डोकं मातीत करायचं होतं. माझं सगळ्यांच्या आधी झालं. परीक्षक सर आले, मी केलेल्या डोक्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "हात तयार आहे तुमचा. गणपतीच्या दुकानात चांगलं चालेल." बाजूची मुलं हसली. निवडलेल्यांत माझं नाव नव्हतं. त्या दिवशी फाटकापर्यंत मी मुद्दाम हळू चाललो. मी बाजारात वाढलेला माणूस. गिऱ्हाईक पाठ फिरवून सावकाश चालू लागलं की दुकानदार हाक मारतो, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. हाक आली नाही.

ते वाक्य पंचवीस वर्षं माझ्या डोक्यात आहे. कारखान्याची पायाभरणी केली तेव्हा आठवलं, पहिला ट्रक भरून पुतळे गोव्याला गेले तेव्हा आठवलं. आता माझी मुलगी सायली त्याच शाळेत शिल्पकला शिकते. तिचं शेवटचं वर्ष. "प्रदर्शन आहे आबा, या," म्हणाली. मी लगेच तिकीट काढलं. ते सर निवृत्त होऊन सुभानपुऱ्यात राहतात, हे मी आधीच शोधून ठेवलं होतं. मला त्यांच्याकडून एवढंच ऐकायचं होतं, की माझ्या बाबतीत त्यांची चूक झाली. सायलीला यातलं काही सांगितलं नव्हतं.

प्रतापनगर

स्टेशनबाहेर पडताच रिक्षावाल्याशी वाजलं. त्याने सांगितलेलं भाडं ऐकून मी काही न बोलता पिशवी उचलली आणि चालू लागलो. दहाबारा पावलं गेलो नसेन, तोच मागून आवाज आला, "आवो ने, काका." मी मनात म्हटलं, म्हणजे या गावातही हाक मारतात. फक्त त्या एका फाटकाशी मारत नाहीत.

सायली प्रतापनगरला मोहितेकाकूंकडे एक खोली घेऊन राहते. मोहित्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. तलवारी गेल्या, नोकऱ्या आल्या. काकूंच्या यजमानांनी सगळी नोकरी कोयलीच्या रिफायनरीत केली आणि आता ते दुपारभर पंख्याखाली बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवतात, तेही गुजराती पेपरातलं. काकूंनी दारातच मला आपलं करून टाकलं. "बेसा ने भाऊ, चहा मूकते." मूकते म्हणजे ठेवते, हे मला पातेलं गॅसवर चढलेलं बघून कळलं. पुढचे चार दिवस मी असंच ऐकत होतो: घरातलं मराठी आपल्यासारखं स्वच्छ, आणि मधेच एखादा गुजराती शब्द जावयासारखा ऐटीत येऊन बसलेला.

काकू गावाला बडोदेच म्हणतात, आणि आम्हाला देशावरचे. त्यांच्या आमटीत गूळ इतका, की मी पहिल्या घासाला सायलीकडे बघितलं. ती ताटात बघून हसत होती. "तिखट जोईये का भाऊ?" काकूंनी विचारलं आणि लाल तिखटाची बाटलीच पुढे ठेवली. मी ती घेतली नाही. पाहुण्याने पहिल्या दिवशी मागे हटायचं नसतं.

सकाळी गॅलरीत उभा राहिलो तर खालून रेल्वे वर्कशॉपचे कामगार चालले होते. स्कूटर पुष्कळ, पण सायकलीही कमी नव्हत्या. डबा हँडलला, एक पँटचा पाय क्लिपने बांधलेला. आमच्याकडे सायकल आता फक्त शाळेतली पोरं आणि वजन कमी करणारे डॉक्टर चालवतात. सायली शेजारी येऊन उभी राहिली आणि बराच वेळ खाली बघत राहिली. मला वाटलं, झोप उडायची आहे.

प्रदर्शन

शाळेचं फाटक बदललेलं नाही. आतली कडुनिंबाची झाडं मात्र एवढी मोठी झाली आहेत, की मला वाटलं, आपण चुकीच्या जागी आलो. मुलं-मुली पायऱ्यांवर बसून चहा पीत होती. कोणाच्या कोपराला प्लास्टर, कोणाच्या केसात रंग. कोणालाही घाई नव्हती. या वयात मी दुपारी गणपतीच्या मुकुटाला सोनेरी रंग मारायचो आणि रात्री परातीत भाकरी घेऊन झोपेच्या गुंगीत खायचो. मी त्या पायऱ्यांवर जरा बसलो. कोणी उठवलं नाही. बसायचं तर होतं पंचवीस वर्षांपूर्वी.

प्रदर्शनात एका मुलाने केलेला दगडाचा बेडूक मला आवडला. हाताच्या पंजाएवढा, बसलेला, गाल फुगलेले. मी विचारलं, केवढ्याला. तो म्हणाला, विकायचा नाही. हा डाव मला नवीन नाही. मी मान हलवली, पाठ फिरवली आणि सावकाश चालू लागलो. खांबापर्यंत गेलो, पुढच्या चित्रापर्यंत गेलो, दाराशी पोचलो. वळून बघितलं तर तो मुलगा बेडकावरची धूळ पुसत होता. त्याला खरंच विकायचा नव्हता. सायली हे सगळं बघत होती आणि तिने ओढणी तोंडाशी धरली होती.

मग तिने मला तिच्या कामापाशी नेलं. भिंतीला एक लांब फळी, आणि फळीवर ओळीने पांढऱ्या प्लास्टरच्या सायकलच्या सीटा. वीसेक तरी असतील.

"हे काय?"

"वर्कशॉपला जाणाऱ्या लोकांच्या सायकलींच्या सीटा. त्यांचेच साचे काढले."

"आणि याला वर्षभर लागतं?"

"साचे काढायला नाही, आबा. लोकांनी मला सायकली द्यायला वर्ष लागलं."

 तिथे बोललो असतो तर सगळ्या शाळेने ऐकलं असतं. ती मला मागच्या बाजूला घेऊन गेली, शिल्पविभागाचं आवार दाखवायला. तिथे सिमेंटची एक मोठी टाकी होती, ओल्या गोणपाटांनी झाकलेली. तिने गोणपाट उचललं. आत करड्या रंगाची माती, लोण्यासारखी मऊ. सायली म्हणाली, सगळी मुलं हीच माती वापरतात. काम झालं, साचा काढला, की माती पुन्हा टाकीत. प्रवेशपरीक्षेचीही तशीच. माती कधी टाकून देत नाहीत, कमी पडली तर वरून थोडी घालतात. "या शाळेत सगळ्यात जुनी हीच आहे," ती म्हणाली.

मी तिथे उभा राहिलो. म्हणजे माझं ते डोकं इथेच कुठेतरी होतं. माझ्यानंतर आलेल्या प्रत्येकाच्या हाताखालून गेलेलं, आणि आता कदाचित माझ्या मुलीच्याही. सायलीने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, वास ओळखीचा आहे.

भांडण संध्याकाळी सेव-उसळीच्या गाडीवर झालं. सेव-उसळ म्हणजे आपल्या मिसळीची चुलत बहीण: पांढऱ्या वाटाण्याची पातळ उसळ, वर डोंगराएवढी शेव, पातीचा लसूण, आणि तर्री हवी तेवढी मागून घ्यायची. पहिल्या घासाला मी नाक मुरडलं आणि तिसऱ्यांदा तर्री मागितली. सायलीला वाटलं, माझा मूड चांगला आहे.

मी विचारलं, सीटांना जर तुम्ही कला म्हणता, तर मी करतो ते काय आहे.

तिने पाव मोडला. मग म्हणाली, "आबा, हायवेवरची बाई, कार्यालयातली बाई आणि हॉटेलातली बाई, तिघींचं नाक एकच आहे."

"साचा एक आहे."

"साचा तुम्हीच केलात ना? आणि मावळ्यालाही तेच नाक आहे."

माझा आवाज चढला. गाडीवरची माणसं वळून बघायला लागली. लोकांना ते नाक आवडतं, मी म्हटलं, त्या नाकावर तुझं हे शिक्षण चाललंय. ती म्हणाली, मी कुठे नाही म्हणते. ती चिडली असती तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाशी मला भांडता येतं. तिने शांतपणे सांगितलं, "कला कशाला म्हणायचं ते मलाही माहीत नाही, आबा. आम्ही रोज यावर भांडतो आणि दुसऱ्या दिवशी वेगळंच वाटतं. मला फक्त एवढं कळतं, की मी करायला बसते तेव्हा शेवटी काय होणार ते मला माहीत नसतं. तुम्हाला माहीत असतं."

गिऱ्हाइकाने सांगितलेलं होणार नसेल तर ते पैसे कशाचे देईल, असं मी म्हणणार होतो. पण तोवर तिने उरलेली शेव माझ्या ताटलीत ओतली होती, लहानपणी ओतायची तशीच.

सुभानपुरा

सरांकडे मी एकटाच गेलो. सुभानपुऱ्यातली सोसायटी, दारात पारिजातक, आत भिंतीवर पगडीतल्या आजोबांचा फोटो. संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते म्हणे. सर आता थकले आहेत, पण आवाज तोच. तो आवाज ऐकून मी आपोआप हात जोडले, आणि त्याचा मला रागही आला.

मी सगळं सांगितलं. बोलायला सुरुवात केली तेव्हा ठरवलं होतं की शांत राहायचं, आणि मधेच माझ्या लक्षात आलं की मी उभा राहून बोलतोय. ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ते उभे होते कसे, सदरा कोणत्या रंगाचा, बुटाची नाडी सुटलेली, तेही सांगितलं. मोबाइलमधले पुतळ्यांचे फोटो एकामागून एक दाखवले. सरांनी चष्मा पुसून सगळे बघितले.

"छान," ते म्हणाले. "मी तसं बोललो असेन. तुम्ही एवढं उभं केलंत, म्हणजे माझी चूकच झाली. माफ करा."

मोबाइल खिशात ठेवून मी खाली बसलो. पंचवीस वर्षं ज्याची वाट बघितली ते हातात होतं, आणि मला ते नको झालं. कारण मी व्यापारी माणूस आहे. पहिल्याच शब्दाला जो दुकानदार हो म्हणतो, त्याच्यासाठी त्या मालाची किंमत काय असते, हे मला कळतं. त्यांना मी आठवत नव्हतो. त्यांनी एका अनोळखी पाहुण्याला पाणी द्यावं तशी ती चूक देऊन टाकली होती.

मग ते सहज म्हणाले, "त्या वर्षी समोर बसलं कोण होतं?"

"एक म्हातारा."

"हो, पण कसा दिसत होता?"

मला सरांचा सदरा आठवत होता, हसणाऱ्या मुलांपैकी एकाचा पुढे आलेला दात आठवत होता. ज्याचं डोकं मी तीन तास करत होतो त्याचा चेहरा आठवेना. डोळे कसे होते, मिशी होती की नव्हती, काहीच नाही.

"मगनकाका असतील," सर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "फाटकाबाहेर शेंगा विकायचे. वर्षानुवर्षं आमच्याकडे बसले. झाडावरून पडून जबडा मोडला होता, हनुवटी एका बाजूला गेलेली. काय सुंदर डोकं होतं हो. गेले ते." आणि सरांचे डोळे भरून आले. माझ्यासाठी नाही, मगनकाकांसाठी.

त्यांनी लीलो चिवडा पुढे केला. बडोद्याचा हा हिरवा, ओलसर, गोडसर चिवडा मला एरवी आवडला असता. मी दोन घास खाल्ले आणि निघालो. मगनकाकांची हनुवटी मी कशी केली होती, ते मला त्या डोक्याकडे न बघताही सांगता येत होतं. माझ्या हातून वाकडी हनुवटी आजवर झालेली नाही.

टाकी

शेवटच्या दिवशी संध्याकाळची गाडी होती. सायली म्हणाली, जायच्या आधी प्रदर्शनात या, आज वर्कशॉपची माणसं येणार आहेत.

ती आली, सुटी घेऊन, इस्त्रीचे शर्ट घालून, दोघं तर बायकांना स्कूटरवर घेऊन. आधी लांब उभी राहिली. मग एक काळासा, उंच माणूस फळीपाशी गेला, सीटांवरून नजर फिरवत एके ठिकाणी थांबला आणि बायकोला म्हणाला, "आ मारी." ही माझी. तिने विचारलं, कशावरून. त्याने प्लास्टरवरच्या डाव्या बाजूच्या खोलगट जागेवर तळहात ठेवला. डाव्या बाजूला भार टाकून बसायची त्याची सवय होती म्हणे, कमरेच्या दुखण्यापासून. बायको म्हणाली, घरी पाटावरही असेच बसतात. सगळे हसले. मग एकेक जण आपापली ओळखू लागला. एकाला ओळखता येईना तर बाकीच्यांनी त्याला शोधून दिली.

सायली कोपऱ्यात उभी होती. काही सांगत नव्हती, बघत होती. त्या दिवशी गॅलरीतून बघत होती तशीच. माझे पुतळे किती गावांत उभे आहेत. त्यांच्यापुढे उभं राहून, हा मी, असं कोणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

मी मागच्या आवारात गेलो. टाकीवर रमणभाई नावाचा माणूस असतो, किल्ल्या त्याच्याकडे. मी त्याला म्हटलं, यातली थोडी माती मला घरी न्यायची आहे, काय घेशील ते सांग. त्याने मान हलवली. मी पाठ फिरवायच्या बेतात होतो तोच तो म्हणाला, "माटी बहार न जाय, काका. अहीं बेसीने करो." माती बाहेर जात नाही, करायचं तर इथेच बसून करा.

मला कोणी तिथे बसा म्हटलेलं नव्हतं, कधीच.

मी बाह्या वर केल्या. सायली मला शोधत आली, बघितलं, आणि न विचारता समोरच्या स्टुलावर बसली. माती हाताला लागली आणि पुढचा वेळ मला आठवत नाही. कपाळ झालं, गाल झाले, हात भराभर चालत होता. तयार हात. सायली उठून माझ्या बाजूला आली.

"आबा, हे माझं नाक नाही."

मी बघितलं. ते हायवेवरच्या बाईचं नाक होतं. मग सायलीकडे बघितलं. पाच वर्षांची असताना ती झोपाळ्यावरून पडली होती. नाकाचं हाड जरासं डावीकडे गेलं ते तसंच राहिलं. मीच तिला उचलून दवाखान्यात पळालो होतो, माझा सदरा रक्ताने भिजला होता. सदरा मला आठवत होता. मी अंगठ्याने नाक डावीकडे नेलं. ते पुन्हा सरळ झालं. दुसऱ्यांदा नेलं, जास्त झालं, म्हणून दुरुस्त केलं तर पुन्हा तेच सरळ, सुबक, लोकांना आवडणारं. सायली परत जाऊन बसली.

रमणभाईने किल्ल्या वाजवल्या. मी आणखी थोडा वेळ मागितला, तो मिळाला, तोही संपला. मग मी ते डोकं दोन्ही हातांनी पाटावरून काढलं आणि टाकीत सोडलं. वरून तळहाताने दाबलं. गोणपाट ओढलं. हात धुतले, पिशवी घेतली, सायलीच्या डोक्यावर हात ठेवला. तिला तिथे सामान आवरायचं होतं, मला स्टेशन गाठायचं होतं.

फाटकाकडे निघालो. कडुनिंबाखाली कोणी नव्हतं. पायऱ्या ओलांडल्या, प्रदर्शनाचं बंद दार ओलांडलं. उशीर झाला होता, भरभर चालायला हवं होतं, तरी पाय हळू पडत होते.

"आबा."

घासाघीस करताना पहिल्या हाकेला वळायचं नसतं. वळलं की संपलं. मी पहिल्याच हाकेला वळलो.

ती आवाराच्या तोंडाशी उभी होती, हात कोपरापर्यंत मातीचे. "सकाळी दहाला उघडतात," ती म्हणाली. "उजेड बाजूने येतो तेव्हा. नाक नीट दिसतं. मी बसते."

"आणि माझी गाडी?"

"ते तुम्ही बघा."

मी पिशवी खाली ठेवली आणि रमणभाईकडे गेलो. म्हटलं, नऊला उघड. तो म्हणाला, दहा. मी साडेनऊवर आलो. तो दहाच्या आधी कुलूप उघडत नाही म्हणाला. मी दोन पावलं मागे सरलो, तेव्हा त्याने हाक मारली, आणि पावणेदहाला आमचं जमलं.